बंदूक सगळ्यांना दिसली : शाळेतल्या एका रॅप व्हिडिओचं प्रकरण

(शाळा आणि मुलं ओळखू येतील असे तपशील बदलले किंवा गाळले आहेत.)

पार्श्वभूमी

एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीच्या मुलांचा माध्यम गट चालतो. आठवड्यातून एकदा शाळा सुटल्यावर जमायचं, मोबाइलवर चित्रण आणि संकलन शिकायचं आणि वर्षाअखेरीच्या कार्यक्रमात काहीतरी करून दाखवायचं, एवढंच त्याचं स्वरूप. गट चित्रकलेचे सर बघतात. माध्यम शिक्षणाच्या निमित्ताने मी तिथे अधूनमधून जाते. मुलं मला ताई म्हणतात.

त्या वर्षी मुलांनी रॅप करायचं ठरवलं. गाणं दहावीतल्या एका मुलाने लिहिलं. वडिलांची नोकरी गेली आणि पुढचे काही महिने घर कसं चाललं, हा त्याचा विषय. त्यातल्या दोन ओळी मला तेव्हापासून पाठ आहेत :

बेल वाजली की आई टीव्हीचा गळा दाबते,
आम्ही चौघं आत, तरी घर रिकामं भासते.

घरभाडं थकलेलं, मालक दारात उभा आणि आत श्वास रोखून बसलेलं कुटुंब. पंधरा वर्षांच्या मुलाने दोन ओळींत हे सगळं उभं केलं होतं.

चित्रणाच्या वेळी सर एका प्रशिक्षणाला गेले होते. मुलांनी आपापसात जुळवाजुळव केली, एका सुटीच्या दिवशी सगळं चित्रित केलं, रात्री संकलन केलं आणि शाळेला दाखवण्याआधीच वर्गाच्या ग्रुपवर टाकून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत व्हिडिओ पालकांच्या मोबाइलवर पोहोचला होता.

व्हिडिओत काय होतं

व्हिडिओ सुमारे तीन मिनिटांचा. सुरुवातीला जिन्याच्या अंधारातून पुढे येणारा हुडी घातलेला मुलगा. मग कुणाच्या तरी काकांची गाडी आणि तिच्या बॉनेटवर बसलेले चौघे. मग खेळण्यातल्या नोटांचा पंखा, तो कॅमेऱ्यासमोर उडवून दिलेला. दुसऱ्या कडव्यात खेळण्यातलं पिस्तूल, नळी सरळ प्रेक्षकाकडे. ध्रुवपदाला चार मुली मंद गतीत चालत येतात, कॅमेरा खालून वर सरकतो आणि चेहरा येण्याच्या आत दृश्य कापलेलं असतं.

घर मात्र कुठेच नाही. बेल नाही, आई नाही, टीव्ही नाही. आवाज बंद करून पाहिलं तर ही तंगीत सापडलेल्या घराची गोष्ट आहे, असं कुणी म्हणणार नाही. पैसा हाती लागलेल्या टोळीचा जल्लोष वाटेल. माझ्या मते या प्रकरणाची गाठ इथेच होती. शब्द मुलाचे स्वतःचे होते, चित्रं मात्र सगळी दुसऱ्याची होती.

मी त्याला विचारलं, "अरे, गाणं घराबद्दल आहे ना? मग घर का नाही दाखवलंस?"

तो म्हणाला, "ताई, घर दाखवलं तर कोण बघणार? रॅपचा व्हिडिओ असाच असतो."

असाच असतो म्हणजे कसा

बारकाईने पाहिलं तर ही "असाच असतो"ची समजूत ऐतिहासिकदृष्ट्या चुकीची आहे, आणि पुढे मुलांशी बोलताना हे फार उपयोगी पडलं.

हिप-हॉपची सुरुवात म्हणून न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात 11 ऑगस्ट 1973 ला झालेली एक घरगुती पार्टी सांगितली जाते. तिथे डीजे कूल हर्क रेकॉर्ड वाजवत होता. व्हिडिओ तेव्हा नव्हतेच. एमटीव्ही ही संगीत वाहिनी सुरू झाली 1 ऑगस्ट 1981 ला, आणि सुरुवातीच्या वर्षांत त्यावर कृष्णवर्णीय कलाकार फारसे दिसत नसत. रॅपला तिथे स्वतःचा ठसठशीत कार्यक्रम मिळाला तो 1988 मध्ये. त्याआधी 1982 मध्ये ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह या गटाचं 'द मेसेज' हे गाणं आलं होतं, आणि त्याच्या व्हिडिओत न्यूयॉर्कचे साधे रस्ते आहेत, पडझड आहे, माणसांची गर्दी आहे. 1989 मध्ये पब्लिक एनिमी या रॅप गटासाठी चित्रपट दिग्दर्शक स्पाइक ली यांनी ब्रुकलिनच्या रस्त्यावर अख्खा मोर्चाच चित्रित केला. म्हणजे व्हिडिओचं पहिलं आणि ताकदीचं रूप वस्ती, रस्ता आणि समुदाय यांचं होतं.

गाडी, नोटा, सोनं आणि पार्श्वभूमीला मुली ही चौकट ठळक झाली ती नव्वदच्या दशकात, रेकॉर्ड कंपन्यांचा पैसा व्हिडिओत ओतला जाऊ लागल्यावर. व्हिडिओ हीच जाहिरात झाली. रन-डीएमसी या रॅप गटाने 1986 मध्येच बुटांच्या कंपनीशी करार करून रॅपर वस्तू विकू शकतो हे दाखवून दिलं होतं. गाण्यांचे विषयही सरकले. अमेरिकन संशोधक डेनिस हर्ड यांनी 1979 ते 1997 मधली लोकप्रिय रॅप गाणी तपासली. सुरुवातीच्या वर्षांत सुमारे 11 टक्के गाण्यांत अमली पदार्थांचा उल्लेख होता, नव्वदच्या दशकाच्या मध्यानंतर तो 69 टक्के गाण्यांत आला. एकाच संगीतप्रकारात वीस वर्षांच्या आत एवढा पालट झाला असेल, तर त्याला त्या संगीताचा स्वभाव म्हणता येत नाही. काय खपतं हे ठरवणारे हात बदलले होते.

आणि ज्या काळात ही चौकट रुजली, त्याच काळात ती मोडणाऱ्याही होत्या. क्वीन लतीफा या रॅपर महिलेने 1993 मध्ये रस्त्यावरच्या छेडछाडीवर आणि बायकांना वापरल्या जाणाऱ्या शिव्यांवर थेट गाणं केलं आणि 1995 मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. 1997 मध्ये रॅपर मिसी एलियट फुगवलेल्या काळ्या पोशाखात माशाच्या डोळ्यासारख्या भिंगासमोर उभी राहिली, आणि हाइप विल्यम्स या दिग्दर्शकाने ती अख्खी चौकट तिच्या ताब्यात दिली. आमच्या गटातल्या मुलींनी यातलं काहीही पाहिलेलं नव्हतं.

अडचण

पालकांच्या तक्रारी आल्या त्या पिस्तुलाबद्दल. काहींनी नोटांवर बोट ठेवलं. मुख्याध्यापिका बाईंनी तातडीने बैठक बोलावली. सूर सगळा असा की रॅप मुलांना बिघडवतं, गट बंद करा, मोबाइल काढून घ्या.

बैठक चालू होती तेव्हा दुसरंच काही घडत होतं. ध्रुवपदातल्या चार मुलींपैकी एकीच्या चालण्याची जेमतेम चार सेकंदं दोन मुलांनी कापून काढली, खाली टिंगल लिहिली आणि दुसऱ्या ग्रुपवर टाकली. तिथून ती शेजारच्या शाळेत गेली. ती मुलगी दुसऱ्या दिवसापासून गटात यायची थांबली, मधल्या सुटीत वर्गातच बसू लागली. बैठकीत तिचं नावही निघालं नाही, कारण कुणाला माहीतच नव्हतं. तिच्या मैत्रिणीने खेळाच्या बाईंना सांगितलं तेव्हा पिस्तुलावरचा वाद ऐन भरात होता.

बंदूक सगळ्यांना दिसली होती. पण तिने कुणाला इजा झाली नव्हती. इजा झाली ती त्या दृश्यातून, जे एकाही तक्रारीत नव्हतं. चेहरा न दाखवता मुलीला चालवणं हे मोठ्यांच्याही डोळ्यांना इतकं सवयीचं होतं, की ते खटकलंच नाही. रॅपच्या दुष्परिणामांवर तावातावाने बोलणारे पालक ते दृश्य पाहून पुढे गेले होते, आणि शिक्षकही. याचा मला आजही राग येतो.

बैठकीत मांडलेला एक अभ्यास

एक पालक तयारीने आले होते. त्यांनी 2003 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेला अभ्यास मांडला. अलाबामा राज्यातल्या 14 ते 18 वयाच्या 522 कृष्णवर्णीय मुलींचा वर्षभर पाठपुरावा त्यात केला होता. रॅप व्हिडिओ जास्त पाहणाऱ्या मुलींनी शिक्षकांवर हात उगारण्याचं प्रमाण कमी पाहणाऱ्यांच्या तिप्पट होतं, अटक होण्याचं अडीचपटीहून जास्त, आणि दारू किंवा अमली पदार्थ घेण्याचं दीडपटीहून जास्त.

आकडे खरे आहेत आणि ते झटकून टाकणं मला अप्रामाणिकपणाचं वाटलं. म्हणून बैठकीत ते नीट उलगडले. हा अभ्यास गरीब, शहराबाहेरच्या आणि एकाच समाजातल्या मुलींचा आहे. तो दोन गोष्टी सोबत चालताना दाखवतो. एकीमुळे दुसरी झाली हे त्यातून सिद्ध होत नाही. ज्या घरात मुलांकडे बघायला कुणाला सवड नसते, तिथे व्हिडिओही जास्त पाहिले जातील आणि भांडणंही जास्त होतील, ही शक्यता उरतेच. पण अभ्यासात एक महत्त्वाची गोष्ट आहे : तो मुलींबद्दल आहे. मोठ्यांची चर्चा मात्र बंदूक हातात घेतलेल्या मुलाभोवती फिरत होती.

दुसरा पुरावा मी ठेवला. कॅरी फ्राइड या मानसशास्त्रज्ञ महिलेने 1996 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पोलिसाला गोळी घालणाऱ्याबद्दलच्या एका जुन्या अमेरिकन लोकगीताचे शब्द तिने लोकांना वाचायला दिले. काहींना सांगितलं हे रॅप आहे, काहींना सांगितलं हे कंट्री, म्हणजे अमेरिकन ग्रामीण ढंगाचं, गाणं आहे. शब्द तेच होते, तरी रॅप समजून वाचणाऱ्यांना ते जास्त आक्षेपार्ह आणि धोकादायक वाटले.

मुख्याध्यापिका बाईंनी हे ऐकलं आणि आपणहून एक गोष्ट केली. मुलाचं दुसरं कडवं एका कागदावर लिहून घेतलं आणि पालकांना कविता म्हणून वाचून दाखवलं. खोली शांत झाली. एका आजोबांनी विचारलं, कुठल्या वर्गातल्या मुलाची आहे? तेव्हा बाई म्हणाल्या, "त्याच व्हिडिओतली."

त्या क्षणी बैठकीचं वळण बदललं. गट बंद करण्याची मागणी मागे पडली.

पर्याय

बंदी घालणं हा पहिला आणि सर्वात सोपा पर्याय होता. तो बाद झाला. व्हिडिओ आधीच शंभर हातांत होता, त्यामुळे बंदीने फक्त शाळेचा हात त्यातून निघाला असता. लंडनमध्ये 2018 मध्ये पोलिसांच्या मागणीवरून यूट्यूबने ड्रिल या रॅपप्रकाराचे काही व्हिडिओ काढून टाकले, आणि 2019 मध्ये तर मनाईहुकूम असताना गाणं सादर केलं म्हणून दोन रॅपरना स्थगित तुरुंगवासाची शिक्षा झाली. त्या कारवाईने ड्रिल थांबलं नाही. शाळेच्या हातात तर तेवढंही बळ नव्हतं.

दुसरा पर्याय : पिस्तूल आणि नोटा कापून उरलेला व्हिडिओ कार्यक्रमात दाखवायचा. बहुतेक पालक याला तयार होते. पण यात मुलींचं दृश्य जसंच्या तसं राहत होतं. मोठ्यांना खटकणारं कापायचं आणि मुलीला दुखावणारं ठेवायचं, असा त्याचा सरळ अर्थ झाला असता.

तिसरा : काहीच करायचं नाही, मुलांची अभिव्यक्ती आहे म्हणून सोडून द्यायचं. रॅपच्या बाजूने बोलणारे बरेचदा इथे येऊन थांबतात आणि त्यांची भीती खोटी नाही. अमेरिकेत रॅपच्या ओळी खटल्यांत कबुलीजबाबासारख्या वापरल्या गेल्या, इतक्या की 2022 मध्ये कॅलिफोर्नियाला त्यावर लगाम घालणारा कायदा करावा लागला. मुलाचं काल्पनिक पिस्तूल म्हणजे त्याचा इरादा, असं मानणं हा तसलाच अन्याय. पण "कला आहे" म्हणून चौकटीतल्या इतर माणसांचा हक्क संपत नाही. त्या मुलीनेही या व्हिडिओत काम केलं होतं आणि तिला आपलं काय दाखवलं जाणार हे ठाऊक नव्हतं.

चौथा : व्हिडिओ मागे घ्यायचा, मुलांसोबत बसून तो उलगडायचा, आणि हवं असेल तर त्यांनी तो पुन्हा करायचा. वेळखाऊ आणि यशाची खात्री नसलेला असा हा पर्याय शेवटी निवडला.

काय केलं

आधी ती मुलगी. खेळाच्या बाई तिच्याशी बोलल्या, कारण तिचा विश्वास त्यांच्यावर होता. तिने तीन गोष्टी सांगितल्या : ते दृश्य कायमचं काढा, ज्यांनी टिंगल केली त्यांची नावं सगळ्यांसमोर घेऊ नका, आणि मला स्टेजवर बोलावून कुणी माफी मागायची नाही. तिसरी मागणी काही शिक्षकांना पटेना. जाहीर माफीने धडा बसतो असं त्यांचं म्हणणं. बाई ठाम राहिल्या. जाहीर माफी म्हणजे तिला आणखी एकदा सगळ्यांसमोर उभं करणं, हे त्यांनी ओळखलं. दोन्ही मुलांच्या पालकांना वेगळं बोलावलं, क्लिप पुसून घेतली, शेजारच्या शाळेला कळवलं.

मग गटाचं काम. पहिल्या सत्रात आवाज पूर्ण बंद. वेगवेगळ्या दशकांतले काही व्हिडिओ आणि शेवटी मुलांचा स्वतःचा. प्रत्येकाच्या हातात एक तक्ता : या दृश्यात कोण आहे, चेहरा दिसतो का, ती व्यक्ती कॅमेऱ्याकडे बघते का, बोलते का, काही काम करते का की नुसती उभी आहे. सुरुवातीला मुलांना हा कंटाळवाणा अभ्यास वाटला. पिस्तूल आलं की "आलं, आलं" म्हणून हसत होती. स्वतःचा व्हिडिओ लागला तेव्हा चित्रण केलेली मुलगी, हो, कॅमेरा एका मुलीच्याच हातात होता, तक्ता भरता भरता थांबली. मुलींच्या ओळीसमोर चेहरा, नजर, बोलणं, काम या चारही रकान्यांत तिने "नाही" लिहिलं होतं. ती म्हणाली, "ताई, मी असं ठरवून नाही केलं. तिथे कॅमेरा आपोआप खाली गेला."

या "आपोआप"वर आम्ही खूप वेळ घालवला, आणि घालवायलाच हवा होता. व्हिडिओंचा प्रभाव म्हटलं की आपण नक्कल शोधतो : बंदूक पाहिली, मग मुलगा बंदूक घेईल का? तशी नक्कल फार थोडी मुलं करतात. प्रभाव त्याहून खोल असतो, हातात कॅमेरा आला की तो कुठे वळतो त्यात. कोणाचा चेहरा दाखवायचा, कोणाचं अंग. कोण बोलणार, कोण मागे हलत राहणार. यश कसं दिसतं. शेकडो व्हिडिओ पाहून डोळ्याला हे सगळं वळण लागतं आणि ते स्वतःचंच वाटायला लागतं. कॅमेरा मुलीच्या हातात असला तरी तो तसाच वळतो.

त्या सत्रात मी मुलांना अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजची हकिगत सांगितली. 2004 मध्ये तिथल्या कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी नेली या रॅपरच्या एका व्हिडिओतल्या बायकांच्या चित्रणावर जाब विचारला. त्याच्या संस्थेचं अस्थिमज्जा दात्यांच्या नोंदणीचं शिबिर कॉलेजात व्हायचं होतं. विद्यार्थिनींना शिबिर नको नव्हतं, त्यांना उत्तर हवं होतं. शेवटी शिबिरच रद्द झालं. मुलांचा पहिला प्रश्न होता, "त्या रॅपच्या विरोधात होत्या का?" नव्हत्या. हिप-हॉप ऐकतच मोठ्या झालेल्या मुली होत्या त्या. एखादी गोष्ट आपली मानूनही तिला जाब विचारता येतो, हे मुलांना नवीन होतं.

दुसऱ्या सत्रात उलट केलं. पडदा काळा, फक्त आवाज. मुलांनी स्वतःचं गाणं डोळे मिटून ऐकलं आणि जे दिसलं ते लिहिलं. दार, कडी, आईचा हात रिमोटवर, शिजत असलेल्या भाताचा वास बाहेर कुणाला येईल म्हणून बंद केलेली खिडकी. गाणं लिहिणारा मुलगा इतरांची पानं वाचत राहिला.

पिस्तुलाचा निर्णय मुलांवर सोडला. एकाने जोरात बाजू मांडली : "लोक थांबतात ते त्याच्यामुळेच. पहिल्या दोन सेकंदांत काही नसेल तर सरळ पुढे जातात." त्याचं निरीक्षण अचूक होतं. मुलं पूर्ण व्हिडिओ क्वचितच पाहतात. बोटाने सरकवत काही सेकंदांचे तुकडे पाहतात, आणि तुकड्यात सर्वात भडक तेच उरतं. 2018 मध्ये चाइल्डिश गॅम्बिनो या रॅपरने 'धिस इज अमेरिका' या गाण्याच्या व्हिडिओत बंदुकीच्या हिंसेवर अंगावर येणारी टीका केली. लोकांनी त्यातला नाच कापून दुसऱ्या गाण्यांवर चिकटवला. तरीही मुलांनी शेवटी स्वतःच एक कसोटी काढली : जे ओळीत नाही, ते दृश्यात का? पिस्तूल गेलं, गाडी गेली, नोटा गेल्या. उघड्या जागी खेळण्यातलं पिस्तूल घेऊन चित्रण करू नये हा वेगळा मुद्दा सरांनी सांगितला. क्लीव्हलँडमध्ये 2014 साली बारा वर्षांच्या टामिर राइसच्या हातातलं खेळणं पोलिसांना खरं वाटलं आणि त्यात त्याचा जीव गेला. हे ऐकल्यावर कुणी हसलं नाही.

सर्वात अवघड वळण

आता घर दाखवायचं ठरलं. सरांचा आग्रह होता की मुलाच्या खऱ्या घरातच चित्रण करावं. खरं तेच भिडतं. मुलगा हो म्हणाला. वडील भेटायला आले आणि म्हणाले, "त्याने लिहिलं, मला अभिमान आहे. पण माझी खोली, माझी भांडी सगळ्या शाळेने कशाला बघायची?"

हा क्षण मला पिस्तुलापेक्षा महत्त्वाचा वाटतो. "जगलंय तेच दाखव" हीदेखील रॅपची एक ठरलेली मागणी आहे. हलाखी दाखवली की अस्सल, नाही दाखवली की नकली. गाडीवर बसलेला श्रीमंत रॅपर आणि पडक्या भिंतीसमोरचा गरीब रॅपर ही दोन्ही बाजारात चालणारी चित्रं आहेत, आणि आम्ही मोठी माणसं चांगल्या हेतूने त्या मुलाला एका साच्यातून काढून दुसऱ्यात बसवायला निघालो होतो. त्याचं गाणं त्याचं होतं, घर मात्र चौघांचं होतं. वडिलांचा नकार मान्य झाला.

शेवटी शाळेतल्याच एका रिकाम्या खोलीचं दार वापरलं. बाहेरून बेलकडे येणारं बोट. आतून दाराखालच्या फटीत दिसणाऱ्या दोन पायांची सावली. ध्रुवपदाला चार मुली नव्हत्या, गटातल्या सगळ्यांचे चेहरे होते, एकेका ओळीला एकेक, आणि ओळ म्हणणारा तोच. आईच्या तोंडी काही ओळी आल्या, एका मुलीच्या आवाजात. त्या ओळी मूळ गाण्यात नव्हत्या. मुलाने त्या तिच्यासोबत बसून लिहिल्या.

काय झालं

व्हिडिओ कार्यक्रमात दाखवला गेला. टाळ्या मिळाल्या, पण पहिल्या व्हिडिओसारखा तो मोबाइलवरून मोबाइलवर फिरला नाही, आणि मुलांना हे लागलं. एकाने सरळ विचारलं, "चांगला केला म्हणून कमी बघितला का?" आकर्षणाचं गणित खरोखरच त्याच्या विरोधात होतं, आणि त्याला खोटा दिलासा कुणी दिला नाही.

पहिला व्हिडिओ अजून काही जणांकडे असणार. टिंगल करणाऱ्या दोघांपैकी एकाने खेळाच्या बाईंकडे येऊन, मुलीला न भेटता, चिठ्ठी दिली. ती बाईंनी तिला विचारून पोहोचवली. दुसरा शेवटपर्यंत "गंमत होती" यावरच राहिला. ती मुलगी त्या वर्षी गटात परतली नाही. मधल्या सुटीत पुन्हा मैदानावर दिसू लागली, एवढं बाईंनी सांगितलं.

गाणं लिहिणाऱ्या मुलाने काही महिन्यांनी नवं गाणं केलं. त्यात पुन्हा गाडी आहे, घड्याळ आहे. सरांना वाईट वाटलं. मला तितकं नाही. पैसा नसलेल्या मुलाने पैशाचं स्वप्न गाण्यात बघितलं तर त्यात गुन्हा नाही, आणि ज्या समाजाने त्याला यशाचं दुसरं चित्र दाखवलं नाही, त्याने त्याच्यावर नाराज होण्यात अर्थ नाही. त्या व्हिडिओतही मुली आहेत. त्यांचे चेहरे आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वात आधी, क्रम. तक्रार आली की पहिला प्रश्न "व्हिडिओत काय आक्षेपार्ह आहे" हा विचारला गेला. "यात कोण कोण आहे आणि ती सगळी ठीक आहेत का" असं विचारलं असतं, तर क्लिप शेजारच्या शाळेत जाण्याआधीच कळलं असतं. असं प्रकरण हाताळणाऱ्या कुणालाही मी हाच क्रम सांगेन.

दाखवायचे व्हिडिओ मोठ्यांनी निवडले, तेही बहुतेक नावाजलेले. त्यामुळे मुलांना एक धागा सहज सापडला : जुनं ते चांगलं, आपलं ते वाईट. हा धागा खोटा आहे. जुन्या व्हिडिओंतही बायकांचं हिणकस चित्रण भरपूर आहे आणि आज स्वतःच्या अटींवर उभ्या राहिलेल्या रॅपर महिला कमी नाहीत. निम्मी निवड मुलांच्या स्वतःच्या मोबाइलमधून व्हायला हवी होती, आणि पूर्ण व्हिडिओंऐवजी ती ज्या तुकड्यांत पाहतात ते तुकडेच तक्त्यावर घ्यायला हवे होते.

टिंगल करणाऱ्या दोघांशी बोलणं पालकांवर सोडलं गेलं. ते दोघं गटात नव्हते, त्यामुळे तक्त्याच्या सत्रांनाही नव्हते. ज्यांच्या नजरेचा प्रश्न होता तेच या सगळ्या शिक्षणाच्या बाहेर राहिले. दुसरा मुलगा "गंमत" या शब्दावर अडून बसला यात मला नवल वाटत नाही.

गटाने आता चित्रणाआधी भरायचा एक कागद केला आहे. कुठलं दृश्य, कोण असणार, कॅमेरा कुठे असणार. खाली दोन सह्या : एक चित्रणाआधी, दुसरी अंतिम व्हिडिओ पाहिल्यावर. दुसरी सही नसेल तर दृश्य निघतं, कारण विचारायचं नाही. दोन्ही सह्या देऊन झाल्यावर वर्षभराने कुणाचं मन बदललं तर काय, यावर गटात अजून वाद चालू आहे. चित्रण करणाऱ्या मुलीचं म्हणणं आहे की तेव्हाही काढायचं.